पाच लिटर पाणी प्यायलात, तरी डोकं का ठणकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार मित्र मिळून पाच दिवस डोंगराळ रानात राहायला जाणार आहात. वाटेत गाव नाही, दुकान नाही, गाडीरस्ता नाही. गेल्या वेळी तीन दिवसांच्या फेरीत ‘पाणी कमी पडायला नको’ म्हणून तुम्ही रोज पाच-पाच लिटर पाणी प्यायलात. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकं ठणकलं, मळमळलं, एकदा उलटीही झाली. घरी आलात तेव्हा नेलेल्यातलं निम्मं खाणं तसंच सॅकमध्ये होतं. म्हणून यावेळी पाणी किती न्यायचं आणि खायला काय न्यायचं, हे विचारताय.

मला यात दोन तक्रारी दिसत नाहीत, एकच दिसते. इथे बसून तुमचं निदान करायचा आव मी आणणार नाही. चढावरच्या डोकेदुखीला ऊन, उंची, अपुरी झोप अशी चार कारणं असू शकतात. पण पाच लिटर पाणी पोटात आणि जेवण सॅकमध्ये, ही जोडी मी गेल्या वीसेक वर्षांत इतक्यांदा पाहिली आहे की मी आधी तिच्याकडेच बोट दाखवीन. रानात पाणी आणि खाणं ही दोन वेगळी खाती नसतात.

घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. एक लिटर घामात साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम असतं. माणसागणिक फरक पडतो. ज्यांच्या टोपीवर आणि शर्टाच्या पाठीवर वाळल्यावर पांढरे नकाशे उमटतात, ते खारट घामवाले. सॅक घेऊन चढताना ताशी अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, कडक उन्हात त्याहून जास्त. आता या गेलेल्या घामाची भरपाई तुम्ही नुसत्या पाण्याने केलीत आणि दिवसभर खाल्लं नाहीत, तर रक्तातलं सोडियम विरळ होत जातं. त्याची नेहमीची पातळी लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असते. ती १३५ च्या खाली गेली की डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते. आणखी खाली गेली तर माणूस बरळायला लागतो, झटके येतात. एरवी जास्तीचं पाणी मूत्रपिंडं बाहेर काढून टाकतात. पण दीर्घ श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, त्यामुळे हा निचरा मंदावतो. पाणी येत राहतं आणि बाहेर जात नाही.

गोची अशी की पाणी कमी पडल्याची लक्षणंही सुरुवातीला हीच. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं. मग शेजारचा माणूस काळजीने काय करतो? आणखी पाणी पाजतो.

मीही पाजलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची उन्हाळी फेरी, नऊ जणांचा गट, दिवसभर उघड्या धारेवरची चाल. गटातला सगळ्यांत धडधाकट पोरगा दुपारनंतर मागे पडायला लागला. डोकं दुखतंय म्हणाला. प्रत्येक थांब्यावर मी त्याच्या हातात बाटली द्यायचो आणि म्हणायचो, ‘अर्धी संपव, मगच उठ.’ तो बिचारा निमूट संपवायचा. चारच्या सुमारास त्याला उलटी झाली आणि बाहेर पडलं ते निव्वळ स्वच्छ पाणी, अन्नाचा कण नाही. तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं. घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला होता. बोटातली अंगठी फिरेना. सकाळपासून तीनदा लघवीला जाऊन आला होता, रंग पाण्यासारखा. आणि सॅकच्या बाजूच्या कप्प्यात सकाळी दिलेली दाण्यांची पिशवी, गाठसुद्धा न सोडलेली. पाणी तिथेच बंद केलं. सावलीत बसवलं, सूपच्या पावडरीची दोन पाकिटं अर्धा कप पाण्यात कालवून घोट घोट दिली. दोन तासांनी भरपूर लघवी झाली आणि डोकं उतरलं. थोडक्यात निभावलं म्हणायचं. तो बरळायला लागला असता किंवा झटका आला असता, तर तोंडावाटे काही देत बसायचं नसतं. थेट मदत बोलवायची आणि खाली उतरवायचं.

तेव्हापासून कुणी डोकं धरून बसलं की मी तीन गोष्टी विचारतो: शेवटची लघवी कधी झाली आणि रंग कसा होता, आज काय काय खाल्लंस, आणि तहान लागली आहे का. तहान लागलेली, लघवी गडद आणि थोडी, तर पाणी कमी पडलंय. तहान नाही, लघवी पाण्यासारखी, बोटं सुजलेली, पोट डचमळतंय, तर पाणी जास्त झालंय. त्याला खारट खायला द्या. लघवीच्या रंगाबद्दल एक सांगून ठेवतो. बी-जीवनसत्त्वाची गोळी घेतली असेल तर रंग भडक पिवळा येतो, त्यावरून घाबरून बाटल्या रिकाम्या करू नका.

आता ‘किती प्यायचं’. दिवसाला अमुक लिटर असा आकडा मी देत नाही, कारण सावलीतली सपाट चाल आणि उन्हातला चढ यांना एकच आकडा लावता येत नाही. मध्यम चालीला ताशी अर्धा लिटर धरा, उन्हातल्या चढाला पाऊण ते एक. सव्वा लिटरच्या वर ताशी जाऊच नका. आतडी तेवढं भराभर शोषतही नाहीत. बाकी तहान लागेल तसं प्या. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, कारण ‘तहान लागली म्हणजे उशीर झाला’ असं त्यांच्या मनावर बिंबवलेलं असतं. निरोगी माणसाची तहान बरीच विश्वासू असते. मात्र तीन ठिकाणी ती दगा देते: थंडीत, जास्त उंचीवर आणि वयस्कर माणसांत. थंडीत शरीर रक्त आतल्या बाजूला ओढून घेतं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी भरपूर आहे, म्हणून लघवी वाढते आणि तहान मात्र लागत नाही. उंचीवर श्वास जोरात चालतो, हवा कोरडी असते, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वाफ जाते. अशा ठिकाणी तहानेची वाट न पाहता प्रत्येक थांब्यावर चार घोट घ्यायचे, शक्यतो कोमट. चहा-कॉफीही पाण्याच्या हिशेबात धरा. त्याने शरीर कोरडं पडतं ही भीती फार फुगवलेली आहे. दारूच्या बाबतीत मात्र ती खरी आहे.

पाण्याबरोबर थोडं मीठ आणि थोडी साखर का हवी, त्यामागे एक सुंदर यंत्रणा आहे. लहान आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. १९७१ मध्ये निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच की मूठभर खारे दाणे, दोन खजूर आणि वर पाणी, हे नुसत्या पाण्यापेक्षा शरीरात जास्त टिकतं. तुम्ही वेळेवर खात असाल तर इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे क्षारांच्या, महागड्या गोळ्या आणि पेयं बहुधा लागत नाहीत. शिवाय अशा अनेक पेयांत सोडियम इतकं कमी असतं की तीही प्रमाणाबाहेर प्यायली तर रक्तातलं सोडियम विरळच होतं.

उचलायचं किती, हा वेगळा हिशेब. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात सूट नाही. म्हणून दिवसाचा नव्हे, तर एका पाणवठ्यापासून पुढच्या पाणवठ्यापर्यंतचा हिशेब करा. समजा पुढचा झरा पाच तासांवर आहे आणि ऊन आहे: पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार लिटर. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर निघण्याआधी झऱ्यावर बसूनच पिऊन घ्या, तेवढं सॅकमधून कमी झालं. वर एक लिटर राखीव, कारण झरा आटलेला असू शकतो. मुक्कामाच्या जागी पाणी नसेल तर स्वयंपाक, रात्र आणि सकाळ यांसाठी माणशी दोन लिटर आणखी धरा. हे ओझं असह्य वाटलं तर मुक्कामाची जागा बदला, पाणी कमी करू नका. आणखी एक: सगळं पाणी एकाच नळीवाल्या पिशवीत भरू नका. ती सोयीची असते, पण सॅकच्या आत असल्यामुळे किती उरलंय ते दिसत नाही, आणि फुटली तर सगळंच गेलं. निदान एक बाटली वेगळी असू द्या.

ओढ्याचं पाणी शुद्ध करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण न विचारलेल्या या गोष्टीनेच सर्वांत जास्त फेऱ्या गुंडाळाव्या लागतात. पाणी दिसायला काचेसारखं असलं तरी वर कुठे जनावर मरून पडलंय हे आपल्याला दिसत नाही. जिआर्डियासारखा परजीवी पोटात गेला तर त्रास एक-दोन आठवड्यांनी, घरी परतल्यावर सुरू होतो, त्यामुळे लोक रानाला दोष देतच नाहीत आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच पितात.

पोकळ धाग्यांचा फिल्टर हे आजचं सर्वांत सोयीचं साधन. त्याची छिद्रं ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) हा पोट बिघडवणारा परजीवी ४ ते ६ मायक्रॉनचा, जिआर्डियाचे कोष त्याहून मोठे, जिवाणूही अडतात. विषाणू मात्र यातून आरामात निसटतात; कावीळ अ (हिपॅटायटिस ए) चा विषाणू किंवा उलट्या-जुलाब आणणारा नोरोव्हायरस ०.०३ मायक्रॉनच्या आसपास असतो. विषाणू येतात ते मुख्यतः माणसांच्या विष्ठेतून. म्हणून वस्तीच्या किंवा गर्दीच्या तळाच्या खाली वाहणाऱ्या पाण्याला नुसता फिल्टर पुरत नाही. ते गाळल्यावर उकळा किंवा गोळी टाका. आणि हा फिल्टर एकदा वापरून ओला झाला की गोठू द्यायचा नाही. आतलं पाणी गोठलं की धागे तडकतात, आणि गंमत म्हणजे बाहेरून काहीच कळत नाही. पाणी नेहमीसारखंच येतं, फक्त गाळलेलं नसतं. थंडीच्या रात्री माझा फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये माझ्याबरोबर झोपतो.

गोळ्यांमध्ये क्लोरीन डायऑक्साइडची घ्या. जिवाणू-विषाणूंना अर्धा तास पुरतो, क्रिप्टोला मात्र चार तास. म्हणून ती रात्री टाकून ठेवायची. आयोडीन क्रिप्टोला मारत नाही, शिवाय गरोदर स्त्रियांनी आणि थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी ते टाळावं. पाणी बर्फासारखं गार किंवा गढूळ असेल तर कोणत्याही गोळीला जास्त वेळ लागतो. गढूळ पाणी आधी भांड्यात निवळू द्या. चिमूटभर तुरटी फिरवली तर गाळ लवकर बसतो. वरचं निथळ पाणी कापडातून गाळा आणि मग पुढचं करा. नाहीतर फिल्टर दुसऱ्याच दिवशी चोंदतो. अतिनील किरणांचा दिवा स्वच्छ पाण्यात छान चालतो, गढूळ पाण्यात नाही, आणि बॅटरी संपली की तो नुसती काठी.

उकळणं हे सगळ्यांत खात्रीचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. दहा-दहा मिनिटं उकळत बसणं म्हणजे गॅस जाळणं. मात्र निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष, खाणीतून आलेले जड धातू, शेतातली रसायनं ही उकळून जात नाहीत आणि अशा फिल्टरनेही जात नाहीत. तवंग असलेलं, रंग मारल्यासारखं हिरवं दिसणारं साठलेलं पाणी सोडून द्या आणि पुढे चला.

हे सगळं करूनही पोट बिघडतं तेव्हा दोष बहुतेकदा पाण्याचा नसतो, हातांचा असतो. गटात एकाने शौचाहून आल्यावर दाण्यांच्या सामाईक पिशवीत हात घातला की झालं. सॅनिटायझर नोरोव्हायरस आणि क्रिप्टोपुढे तोकडा पडतो. साबण आणि पाणीच लागतं. तेवढं पाणी खर्च करण्यात कंजुषी नको. सामाईक पिशवीत हात घालायचाच नाही, पिशवीतून हातावर ओतून घ्यायचं. माझ्या गटात याबाबतीत मी फार खडूस आहे.

आता खाण्याकडे येतो. सॅक घेऊन सहा-आठ तास चालणाऱ्या माणसाला दिवसाला ३,००० ते ४,५०० किलोकॅलरी लागू शकतात. एवढं सगळं भरून काढायलाच हवं असं नाही. पाच दिवसांत रोज काहीशेंची तूट अंगावर काढता येते. पण चालण्याचं इंधन असलेलं ग्लायकोजेन स्नायू आणि यकृत मिळून जेमतेम अर्धा किलो असतं, म्हणजे सुमारे २,००० किलोकॅलरी. ते संपलं की पाय जड होतात, चिडचिड होते, पाय चुकीच्या दगडावर पडतो. शिवाय प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतं. न खाणारा माणूस हा साठाही घालवून बसतो.

वजनाच्या भाषेत सांगायचं तर माणशी दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं खाणं. यात चरबीला मान द्या. चरबीत ग्रॅमला ९ किलोकॅलरी, पिठूळ पदार्थांत आणि प्रथिनांत ४. दाणे-बदाम ग्रॅमला साधारण ६, चॉकलेट ५च्या पुढे, तांदूळ आणि ओट्स साडेतीनच्या आगेमागे, मनुका-खजुरासारखी सुकी फळं तीन. तेलाची छोटी बाटली न्या. जेवणाच्या प्रत्येक ताटात एक मोठा चमचा तेल घातलं की १२० किलोकॅलरी फुकटात वाढतात. पण हे आकड्यांचं वेडही फार ताणू नका. उंचीवर भूक मरते आणि तुपकट पदार्थ समोर नकोसा होतो. तिथे भात, नूडल्स, बटाट्याची पावडर, बिस्किटं असं हलकं आणि पिठूळ जास्त जातं. पिठूळ पदार्थ जाळायला ऑक्सिजनही तुलनेने कमी लागतो.

तुमचं निम्मं खाणं परत का आलं, याचा अंदाज सांगतो. तुम्ही बहुधा ‘पौष्टिक’ म्हणून आणलं होतंत, ‘आवडतं’ म्हणून नाही. दमलेल्या माणसाची जीभ हट्टी असते. एकाच चवीचे गोड बार तिसऱ्या दिवशी घशाखाली उतरत नाहीत, मग त्यावर कितीही प्रथिनं छापलेली असोत. निम्मं खाणं खारट-आंबट ठेवा. कुरकुरीत काहीतरी ठेवा. दिवसभर मऊ आणि चिकट खाऊन माणूस वैतागतो. आणि दुपारच्या जेवणासाठी तासभर थांबायची पद्धत सोडा. त्या तासात अंग गार पडतं आणि भरल्या पोटी चढ चढवत नाही. त्याऐवजी सकाळी निघाल्यापासून मुक्कामापर्यंत दर तासाला मूठभर. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात, म्हणजे तीन-चार खजूर आणि दोन बिस्किटं एवढंच. हे खाणं सॅकच्या तळाशी नको. कमरपट्ट्याच्या खिशात असेल तरच खाल्लं जातं. सॅक उतरवावी लागली तर ‘पुढच्या थांब्यावर खाऊ’ होतं, आणि तो थांबा येत नाही.

मुक्कामाला पोचल्यावरचा पहिला अर्धा तास मी कुणाला तंबू लावू देत नाही. आधी स्टोव्ह. अर्धा लिटर पाणी, त्यात सूपची पावडर, वर थोडं लोणी, असलंच तर चुरलेली बिस्किटं. मगाला दोन्ही हात लपेटून लोक बसतात, पहिले चार घोट कुणी बोलत नाही. पाचव्या घोटाला कुणीतरी विचारतं, ‘जेवायला काय आहे?’ हा प्रश्न कानावर पडला की मी निश्चिंत होतो. घाम, मीठ, पाणी आणि भूक, चारही गोष्टी त्या एका मगाने रुळावर येतात. हेच सूप न पिता लोक थेट आडवे झाले तर रात्रीचं जेवण हमखास उरतं.

शिजवण्याबद्दल थोडं. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं. म्हणजे उकळी दिसते, पण अन्न शिजत नाही. तिथे अख्खी कडधान्यं नेऊ नका. विशेषतः राजमा: त्यातलं विष मोडायला १०० अंशांवर निदान दहा मिनिटं लागतात, आणि अर्धवट शिजलेला राजमा उलट्या-जुलाबांनी आडवं करतो. मसूर डाळ, शेवया, ओट्स, आधी शिजवून वाळवलेला भात हे चालतं. आधी अर्धा तास भिजत घाला, एक उकळी द्या, मग भांडं स्वेटरमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवून द्या. निम्मा गॅस वाचतो. घरीच प्रत्येक जेवणाचं वेगळं पाकीट करा, खोकी टाकून द्या, आणि पाकिटावर किती पाणी घालायचं ते पेनाने लिहा. अंधारात, थंडीत, दमलेल्या डोक्याला हे आठवत नाही.

गॅस माणशी दिवसाला २५-३० ग्रॅम धरा, बर्फ वितळवायचं असेल तर दुप्पट. बर्फाचा हिशेब लोकांना खरा वाटत नाही: शून्य अंशाचं एक किलो बर्फ नुसतं वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत जातं. म्हणून तहान लागली की बर्फ चघळू नका. ती उष्णता तुमच्या अंगातून जाते. भांड्यात आधी तळाला थोडं पाणी ठेवून मगच बर्फ घाला, नाहीतर तळ जळतो आणि पाण्याला करपट वास येतो. स्टोव्ह तंबूच्या आत कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, शिवाय आगीचा धोका आहेच.

उरलेला भात सकाळसाठी राखून ठेवू नका. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात रातोरात वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. थोडंच शिजवा. भांडी पाण्यापासून निदान साठ मीटर दूर धुवा. जिथे अस्वलं किंवा माकडं आहेत तिथे खाणं, टूथपेस्ट, खरकट्याची पिशवी, वास येणारं सगळं तंबूपासून दूर आणि बंद डब्यात.

जुलाब लागलेच तर तयार ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या, माणशी दोन. नसतील तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाटच, मीठ जास्त झालं तर उलट त्रास होतो. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून द्या. विष्ठेत रक्त, तापाने फणफणणं, काहीच पोटात न टिकणं, दहा-बारा तास लघवी न होणं, यांतलं काहीही दिसलं तर फेरी तिथेच संपवून उतरायला लागा.

तुमच्या चौघांचं गणित: माणशी रोज ८०० ग्रॅम म्हणजे पाच दिवसांचे १६ किलो, प्रत्येकी चार. वर एक दिवसाचं राखीव, न शिजवता खाता येईल असं. गॅस अर्धा किलो, वारा सुटला तर म्हणून थोडा जास्त. फिल्टर दोन, कारण चौघांमध्ये एक बिघडला तर पर्याय नाही, आणि गोळ्यांची एक पट्टी. खाणं वाटून घेताना प्रत्येकाचं दिवसभराचं खाणं त्याच्याच सॅकमध्ये असू द्या, म्हणजे संध्याकाळी कुणाची पिशवी भरलेली राहिली ते लगेच दिसतं.

आणि जाण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी सॅक भरून चार-पाच तास चालून या. परत आल्यावर अंघोळीआधी, दमलेले असतानाच, न्यायचं ठरवलेलं जेवण त्याच स्टोव्हवर शिजवून खा. जे ताटात उरेल ते यादीतून काढून टाका.